तिसऱ्या सुताराचा घास

भांगपाडी मैनेने ढोलीत डोकं घातलं, तेव्हा गजाननरावांच्या हातात गोफण होती आणि माझ्या कानाला फोन होता.

फोनवर पुण्याचे सर होते, आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, पण सर ते सर.

"ताई, काही करायचं नाही," ते म्हणाले. "हाकलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, झाडाखाली जायचंसुद्धा नाही. फक्त बघायचं."

"सर, आत पिल्लं आहेत."

"म्हणूनच बघायचं. तिसरा सुतार आता काय करतो, हेच तर आपल्याला हवंय."

मी फोन खाली घेतला. गजाननरावांनी गोफणीत खडा आधीच बसवला होता. ज्वारी राखण्यात ज्याचं लहानपण गेलं त्याचा नेम काय विचारता? एक फेरा, एक खडा, आणि मैना पलीकडच्या शेतात गेली असती.

"काय म्हणले सायेब?" त्यांनी विचारलं.

हे प्रकरण इथवर कसं आलं ते आधी सांगते.

मी पक्ष्यांच्या वागणुकीच्या नोंदी ठेवते. हुद्द्याचं नाव फील्ड बायोलॉजिस्ट. प्रत्यक्षात काम म्हणजे स्टूल टाकून एका जागी बसायचं आणि एकाच झाडाकडे बघत राहायचं. माझ्या भावाच्या मते, एवढ्या बैठकीत दुसरा कोणी साधुपदाला पोचला असता. मी पोचले मणक्याच्या डॉक्टरकडे.

त्या वर्षी बुलढाण्यात खोली घेऊन राहत होते. सकाळी स्वेटर घालून स्कूटीवर निघायचं, घाट उतरला की तो डिकीत कोंबायचा, आणि धामणगाव बढेच्या अलीकडे शेषरावांच्या शेतात जाऊन बसायचं. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या निघालेल्या, एका कोपऱ्यात कांदा आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोठा कडुनिंब. त्याची एक जाड फांदी वाळून गेली होती. माझा सगळा मुक्काम त्या वाळलेल्या फांदीसाठी होता.

शेषराव त्या फांदीकडे वेगळ्या नजरेने बघायचे. "मॅडम, ते फांदी वाळेल हाये. जळतनाले कामी येते. तिले ठेवून काय करू?"

मी त्यांना सुतार दाखवले. मराठा सुतार म्हणजे आपल्याकडचा लहानसा सुतारपक्षी, साळुंकीपेक्षाही लहान. पाठीवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची गर्दी, डोकं पिवळसर, आणि नर असेल तर डोक्याच्या मागच्या बाजूला लाल. हा पक्षी जिवंत लाकडाच्या वाटेला फारसा जात नाही. त्याला वाळलेली, आतून मऊ झालेली फांदी लागते. आणि हल्ली वाळलेली फांदी झाडावर राहू देतो कोण? ती दिसायचा अवकाश, की कुऱ्हाड निघते. म्हणजे सुताराला घर मिळणं मुंबईत घर मिळण्याइतकंच अवघड.

"पावसाळ्यापर्यंत ठेवा," मी म्हटलं. शेषराव हो म्हणाले. तोंड मात्र वाकडंच होतं.

आता त्या फांदीवर विशेष काय होतं, ते सांगते. सुतार जोडीने राहतो. इथे मात्र तीन होते. एक मादी आणि दोन नर. दोन नर एका झाडावर म्हटल्यावर पिसं उडायला हवीत. इथे भांडण सोडाच, तिघंही पाळीपाळीने ढोली कोरत होते. दुसऱ्या नराचं शेपटीचं एक पीस मोडून बाजूला लोंबत होतं, त्यामुळे तो लगेच ओळखू यायचा. आमच्या भाषेत त्याचं नाव एम-टू, म्हणजे दुसरा नर.

पिल्लं जोडप्याची, पण वाढवायला तिसरंच कोणीतरी राबतं, याला कोऑपरेटिव्ह ब्रीडिंग म्हणतात आणि त्या राबणाऱ्याला हेल्पर. सातभाई हे पाखरू आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांची सगळी टोळी मिळून पिल्लांना भरवते. परदेशातले काही सुतारही असं करतात. आमच्या या ठिपकेवाल्या सुताराबद्दल मात्र असं कोणी ठामपणे सांगितल्याचं मला माहीत नव्हतं. बहुतेक वेळा हा हेल्पर म्हणजे आदल्या विणीतला मुलगाच असतो. मोठा झालेला, पण स्वतःचं झाड न मिळालेला. मग तो आईबापांच्याच घरी राहतो आणि धाकट्या भावंडांना सांभाळतो.

पण नुसतं तिथे राहणं आणि ढोली कोरणं पुरेसं नाही. पिल्लांना भरवताना दिसला, तरच तो हेल्पर. चोचीत अन्न दिसलं पाहिजे आणि ते पिल्लाकडे गेलं पाहिजे. सरांची ही अट होती आणि ती रास्त होती. प्रकल्पाचा तो शेवटचा हंगाम होता. एम-टू भरवताना दिसला असता, तर काम पुढे चालू राहिलं असतं. नाही तर स्टूल गुंडाळून घरी.

हे सगळं मी एकदा शेषरावांच्या घरी चहा पिताना सांगितलं. शेषरावांची बायको सुनंदावहिनी हसायलाच लागली.

"ताई, हे त आमचे भाऊजीच झाले की. भावाच्या लेकरायसाठी खपून राह्यले, आन सोताचं घर काई झालं नाई."

गजाननराव म्हणजे शेषरावांचे धाकटे भाऊ. चाळिशी आलेली, लग्न झालेलं नाही. तसे दिसायला चांगले, निर्व्यसनी, पण शेती करतात. शेती करणाऱ्याला मुलगी देत नाही कोणी, हे आता त्या भागात कोणी तक्रार म्हणूनही सांगत नाही. शेषरावांच्या दोन मुलींना मोटरसायकलवर शाळेत सोडणं, आणणं, त्यांचे डबे, त्यांची आजारपणं, सगळं या काकाकडेच होतं.

ते चिडले नाहीत. बशीतला चहा संपवून म्हणाले, "भावाच्या काऊन म्हणतं वयनी? आपलेच त लेकरं हायेत."

त्या दिवसापासून एम-टूचं नाव काका पडलं. मीही तेच म्हणायला लागले. आणि गजाननराव रोज कामं उरकून माझ्या स्टुलाशेजारी येऊन उकिडवे बसायला लागले. दुर्बिणीतून बघायचे आणि विचारायचे, "भरवलं का त्यानं?"

"अजून अंडीच आहेत."

"मंग बसते का तो अंड्यावर?"

"बसतो. दुपारचा बराच वेळ तोच असतो आत."

"हाव?" एवढंच म्हणायचे, पण चेहरा खुलायचा.

पिल्लं अंड्याबाहेर आली आणि नेमकं मला प्रकल्पाच्या मीटिंगसाठी पुण्याला जावं लागलं. पिल्लं अगदी लहान असली की मोठी पाखरं चोचीत काय आणतात ते बाहेरून नीट दिसत नाही. काका आतबाहेर करत होता, पण चोच रिकामीच वाटायची. दोन-चार दिवसांनी पिल्लं वाढली की मोठ्या अळ्या यायला लागतात आणि मग लांबूनही दिसतात. तोवर मी परत येणार होते. म्हणजे सगळं वेळेत बसत होतं.

ऊन मात्र थांबलं नाही. पक्ष्यांसाठी पाणी ठेवा, असे मेसेज दर उन्हाळ्यात प्रत्येकाच्या फोनवर फिरतात. त्यात चूक काहीच नाही. गावात शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या ओट्यावर मातीची भांडी ठेवलेली होती. गजाननरावांच्याही फोनवर तो मेसेज आला. त्यांनी तेलाची प्लॅस्टिकची कॅन मधोमध कापली, दोन्ही तुकड्यांना तार ओवली आणि ते कडुनिंबाला टांगले. एकात पाणी, दुसऱ्यात शिळ्या भाकरीचा कुस्करा. आणि टांगले कुठे? वाळलेल्या फांदीच्या बरोबर खाली. ज्यांच्यासाठी करायचं त्यांच्या दारातच नको का?

मी परत आले तर झाडावर जत्रा. चिमण्या, बुलबुल, सातभाई आणि भांगपाडी मैना. ही मैना दिसायला मोठी देखणी. डोक्यावर काळ्या पिसांचा तुरा, मागे विंचरून बसवलेला. खायला काहीही चालतं. आणि अंडी घालायला तिला ढोली लागते. स्वतः कोरता येत नाही, म्हणून दुसऱ्याने कोरलेली.

सुतार त्या पाण्याला शिवले नव्हते. त्यांना लागणारं बरंचसं पाणी अळ्या-किड्यांतूनच मिळतं.

"तुमची पाखरं तहानली असतीन, म्हून टांगलं," गजाननराव म्हणाले. ते इतके खूश होते की सांगणं जिवावर आलं. पण सांगितलं. पाणी ठेवणं चांगलंच आहे, पण इथे नको. बाकीच्या पाखरांना ही ढोली सापडेल. त्यांचा चेहरा उतरला. दुसरं कोणी असतं तर वाद घातला असता. त्यांनी त्याच पावली दोन्ही तुकडे काढले आणि विहिरीजवळ नेऊन ठेवले.

पण पंगतीतून पाहुण्याला उठवता येतं, त्याने पाहिलेलं घर त्याला विसरायला लावता येत नाही. बाकीची पाखरं पांगली. मैनेची एक जोडी राहिली. ती समोरच्या फांदीवर बसून ढोलीकडे बघायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी तिने आत डोकं घातलं.

म्हणून मी फोन केला होता, आणि म्हणून गजाननराव गोफण घेऊन उभे होते.

"काय म्हणले सायेब?"

"फक्त बघायचं म्हणाले."

"आन आतली लेकरं?"

मी त्यांना समजावलं. आमच्या कामाचा पहिला नियम, की आपण मध्ये पडायचं नाही. मैना काही चोर नाही, तिलाही घर लागतं, पिल्लं तिचीही असतात. आपण तिला हाकललं, तर पिल्लं काकामुळे वाचली की आपल्यामुळे, हे कधीच सांगता येणार नाही. बोलताना माझाच आवाज मला शाळेतल्या बाईसारखा वाटत होता.

गजाननरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "म्या पानी टांगलं ते झालं. भाकर टाकली ते झालं. तुम्ही फांदी राखली, तेबी झालं. आता एक खडा तेवढा चालत नाई?"

मी म्हटलं, "नाही चालत, गजाननभाऊ."

त्यांनी खडा खाली टाकला. गोफण गुंडाळून खिशात घातली. झाडाकडे पाठ करून धुऱ्यावर बसले, पण फार वेळ बसवलं नाही. पुन्हा माझ्याजवळ येऊन दुर्बीण मागितली.

त्या दुपारी जे झालं ते मी नोंदवलं आहे, आणि नोंद चांगली आहे. असं पुन्हा बघायला मिळेल असं वाटत नाही. सुतारांची जोडी सुरुवातीला मैनेवर धावून गेली. पण पिल्लांना भूक लागते, आणि आईबापांना मधूनमधून अन्नासाठी जावंच लागतं. काका हलला नाही. तो ढोलीत शिरून तोंडाशी बसला आणि चोच बाहेर काढून दार अडवून राहिला. मैना आली की टोचायचा. मैना दोघी, आणि अंगाने त्याच्याहून दांडग्या. एक समोरून झेप घ्यायची, तो तिला टोचायला पुढे झाला की दुसरी बाजूने यायची. ऊन कलायला लागलं तेव्हा एकीने त्याला डोक्याच्या पिसांना धरून बाहेर ओढलं. दोघं गुंतून खाली मातीत पडले. तेवढ्या वेळात दुसरी आत गेली.

पुढचं थोडक्यात सांगते. पिल्लं एकेक करून मैनेच्या चोचीतून बाहेर आली. पिसं न फुटलेली, डोळेही न उघडलेली. झाडाखाली जायचं नव्हतं. मी गेले नाही. गजाननरावही गेले नाहीत, ते माझ्याकडे बघत होते.

आजही मला कोणी विचारलं तर सर बरोबर होते असंच मी सांगेन. हा नियम का आहे ते मी नव्या मुलामुलींना शिकवते. पण मला त्या दुपारचं वाईट वाटतं, आणि वर्ष उलटलं तरी ते कमी झालेलं नाही. सगळीकडे आमचा हात लागलेला होता. फक्त हात लावायची खरी वेळ आली तेव्हाच आम्ही तो बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ नये असं वाटत होतं. तरी गेले, कारण पगार त्याचाच आहे. सुतारांची जोडी झाड सोडून गेली होती. नाल्याकडच्या बाभळीतून त्यांचा आवाज येत होता. मैना काड्या आणायला गेलेल्या. गजाननराव माझ्या आधीच येऊन बसले होते.

तेवढ्यात काका आला. लोंबणारं पीस आता पुरतं गळालं होतं, पण डोक्यावर एक टक्कल पडलेलं, म्हणून ओळखला. त्याच्या चोचीत अळी होती. पांढरी, जाड, बिनदुर्बिणीची दिसेल एवढी.

तो ढोलीच्या तोंडाशी चिकटला. बारीक आवाज काढला. आत गेला. अळी तशीच घेऊन बाहेर आला. फांदीच्या खालच्या बाजूला जाऊन परत वर आला, पुन्हा आवाज काढला, पुन्हा आत गेला. मैना येईपर्यंत त्याचं हेच चाललं होतं. मग उडाला. थोड्या वेळाने पुन्हा आला, तेव्हाही चोचीत अळी होतीच.

गजाननरावांनी माझ्या हाताला धरलं. एरवी त्या माणसाने माझ्या स्टुलालाही कधी हात लावला नव्हता. "मॅडम, घास आणला त्यानं. पाह्यलं न तुम्ही? लिहा."

मी लिहिलं. संध्याकाळी सरांना फोन केला. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. वाईट त्यांनाही वाटलं असावं.

"अन्न आणलं, हे खरं," शेवटी ते म्हणाले. "पण भरवलं, असं नाही म्हणता येणार. घेणारं कोणी नव्हतं ना."

"आधी आणत असेल म्हणूनच आज आणलं ना, सर?"

"असेल. पण ते आपण पाहिलेलं नाही."

हेही बरोबरच होतं. रिपोर्टमध्ये दुसऱ्या नराने ढोली कोरली, अंडी उबवली, बचाव केला असं आलं. भरवण्याबद्दल एकच वाक्य आलं, की ते सिद्ध होत नाही. काम पुढे चालू ठेवायला तेवढं पुरलं नाही. प्रकल्प संपला.

निरोप घ्यायला शेषरावांच्या घरी गेले. सुनंदावहिनीने खायला घातलं, वाटेत खायला मुरमुऱ्याचा चिवडा बांधून दिला. गजाननराव मला स्कूटीपर्यंत सोडायला आले.

"त मंग काय ठरलं मॅडम? काका म्हणून धरलं का त्याले?"

"नाही धरलं."

"काऊन?"

"भरवताना दिसला नाही म्हणून."

"कोनाले भरवलं असतं त्यानं?" ते म्हणाले. त्यांनी हे रागाने विचारलं नव्हतं.

या उन्हाळ्यात दुसऱ्या कामाने त्या बाजूला गेले होते, म्हणून वाट वाकडी करून शेतात डोकावले. वाळलेली फांदी अजून तशीच होती. शेषराव म्हणाले, "गजानन तोडू नाई देत. काय ठेवलं हाये त्यात, कोनाले मालूम." ढोली होती, पण तीत कोणी राहत नव्हतं. मैनाही यंदा दुसरीकडे गेल्या होत्या. सुतार मला दिसले नाहीत.

विहिरीजवळ कॅनचे ते दोन तुकडे दिसले. पालथे पडलेले, उन्हाने चिरलेले. गावात शाळेच्या भिंतीवर पाण्याची भांडी होती, सुनंदावहिनीच्या अंगणात मात्र एकही नव्हतं. गजाननरावांची धाकटी पुतणी मला तक्रारीच्या सुरात सांगत होती, की तिने ठेवलेलं भांडंही काकाने उचललं.

मी गजाननरावांना म्हटलं, "घराजवळ ठेवायला काही हरकत नाही हो. पाण्याची चूक नव्हती. फक्त जागा चुकली होती."

ते कांद्याची गोणी शिवत होते. त्यांनी दाभणाचा हात थांबवला नाही.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "आपल्याले पाखरांचं नाई जमत."

आता नव्या शेतात काम सुरू करताना मी पहिल्याच दिवशी शेतमालकाला सांगते: पाणी जरूर ठेवा, पण ढोलीच्या झाडापासून लांब ठेवा. सगळे मान डोलावतात. एवढ्या साध्या गोष्टीसाठी बाई इतक्या गंभीर का होतात, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही.